गाडीखाली जाण्याआधी: डिफरन्शियल आणि जॅकची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गावी होतो. काकांच्या जुन्या गाडीचं मागच्या डिफरन्शियलचं तेल बदलायचं ठरलं. मी इंजिनिअर, त्यामुळे मला सगळं येतं असा घरच्यांचा गैरसमज. हँडब्रेक सैल होता, म्हणून चुलतभावाने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि मागच्या डाव्या बाजूला जॅक लावला. चाक उचललं गेलं. खाली झोपायच्या आधी मी जुनं तेल धरायला घमेलं आणायला गेलो. मागे वळलो तर हवेतलं चाक हळूच उलटं फिरत होतं आणि गाडी उताराकडे सरकत होती. जॅक कलंडला, गाडी धाडकन खाली आली. खाली कोणी नव्हतं. बस, एवढंच नशीब.

गाडी गिअरमध्ये होती, मग सरकली कशी? उत्तरासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

बैलगाडीचं बघा. तिची दोन्ही चाकं आखावर आपापली मोकळी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. कुणाचं काही अडत नाही. पण चाकांना इंजिनने फिरवायचं म्हटलं की दोन्ही एकाच दांड्याला जोडावी लागतात, आणि तिथे घोळ होतो. दोन चाकांमध्ये 1.4 मीटर अंतर असेल तर एका यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण 4.4 मीटर जास्त पळतं. दोघांना एकच वेग दिला तर एक चाक घासत जाणार.

हे कोडं फ्रान्समधल्या ओनेझिफोर पेकर याने सोडवलं. हा मूळचा घड्याळजी. 1827-28 च्या सुमारास त्याने वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. कल्पना अशी: दांड्याचे दोन तुकडे करा आणि मधे असे गिअर बसवा की एक चाक जेवढं हळू होईल, तेवढं दुसरं जोरात फिरेल. दोघांची सरासरी मात्र इंजिन ठरवेल.

आता हे वाक्य आमच्या अंगणात आणून ठेवा. गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद, म्हणजे सरासरी शून्य. पण सरासरी शून्य म्हणजे दोन्ही चाकं थांबलेली असं नाही! एक पुढे आणि दुसरं तेवढंच मागे फिरलं तरी सरासरी शून्यच. जमिनीवरचं चाक उताराकडे फिरलं, हवेतलं उलटं फिरलं. पेकरचं यंत्र अगदी बरोबर चाललं होतं. चुकलो आम्ही. काही जुन्या गाड्यांमध्ये हँडब्रेकसुद्धा चाकांवर नसतो, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. तिथे तो घट्ट असला तरी एक चाक उचललं की हाच धोका.

आता दुसरं पात्र, जॅक. लंडनचा कुलूप बनवणारा जोसेफ ब्रामा याने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. लहान पिस्टनवर थोडा जोर द्या, मोठ्या पिस्टनवर कितीतरी पट जोर मिळतो. पुढे न्यूयॉर्कमधल्या रिचर्ड डजन याने 1851 मध्ये हलवता येण्याजोग्या हायड्रॉलिक जॅकचं पेटंट घेतलं. एका माणसाच्या हाताने अवजड यंत्रं उचलता यायला लागली.

पण ब्रामाची खरी अडचण जोर मिळवण्याची नव्हती, गळतीची होती. दाबाखालचं पाणी पिस्टनच्या कडेने निसटायचं. शेवटी चामड्याची वाटी बसवून ती फट बंद केली. आज चामड्याच्या जागी रबरी सील आहे, तत्त्व तेच. म्हणजे तुमच्या बॉटल जॅकवर उभी असलेली गाडी खरंतर एका सीलवर उभी असते. ते सील कधी दगा देईल, बाहेरून दिसत नाही. म्हणून लक्षात ठेवा: जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. धरायचं काम स्टँडचं, ज्याला बरेच गॅरेजवाले घोडी म्हणतात. तिच्यात ना तेल, ना सील. नुसतं लोखंड.

मग एवढी उठाठेव करून तेल बदलायचंच कशाला? 1926 च्या सुमारास अमेरिकेत पॅकार्डने हायपॉइड गिअर वापरले. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसतो, म्हणून गाडी बुटकी करता आली. पण दात एकमेकांवर जोरात घसरायला लागले आणि साधं तेल त्यात टिकेना. मग गंधकयुक्त तेलं आली. गिअर ऑइलला तो उग्र वास येतो ना, तो त्याचाच. अनेक वर्षं अशा तेलांत स्पर्म व्हेल माशाची चरबीही वापरली जायची. 1970 मध्ये अमेरिकेने या व्हेलला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं आणि कंपन्यांना पर्याय शोधावा लागला.

तर आता मी काय करतो? जमीन सपाट आणि कडक बघतो. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर. तेल भरायचा वरचा बोल्ट आधी सैल करून बघतो, तोही गाडी जमिनीवर असतानाच. जाम बोल्टला दिलेला हिसका उचललेल्या गाडीला नको, आणि जुनं तेल काढल्यावर वरचा बोल्ट उघडलाच नाही तर गाडी तिथेच अडकते. मग जॅक कंपनीने सांगितलेल्या जागी, अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना घोड्या, गाडीचं वजन घोड्यांवर, आणि खाली जाण्याआधी गाडी हलवून बघायची. विटा कधीच नाही. वीट न सांगता फुटते. तेलाची पातळी बघताना गाडी आडवी सपाट हवी, नुसता मागचा भाग वर असेल तर माप चुकतं.

आणि गाडी उंच असेल, न उचलता हात पोचत असेल, तर उचलूच नका. नाहीतर सरळ गॅरेजच्या रॅम्पवर न्या. त्यात कसला कमीपणा?

काकांची गाडी अजून चालते. घमेलंही तेच आहे. ते आणायला मी तेव्हा दोन मिनिटं उशिरा गेलो असतो तर हा भाग तुम्हाला ऐकवायला मी नसतो.

घरात कोणी गाडीखाली शिरणारं असेल तर त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!