आधी तबकडी, मग मशीन

हल्ली नातवंडं माळ्यावरच्या जुन्या तबकड्या खाली काढतात आणि विचारतात, "आजोबा, स्वस्तातला कुठला रेकॉर्ड प्लेअर घेऊ?" मी म्हणतो, बाळांनो, दुकानात नंतर जा, आधी लेबल वाचा.

कारण त्या खोक्यात दोन युगं एकत्र असतात. १९०८ साली कोलकात्यात सियालदहला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना निघाला. तिथल्या तबकड्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं, आणि हातातून पडली की फुटलीच! पुढे अमेरिकेत कोलंबियाने १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची व्हायनिलची एलपी काढली आणि १९४९ साली आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी. यांच्या खाचा फार बारीक. ७८ च्या सुईचं टोक यांच्या सुईच्या सुमारे तिप्पट रुंद!

म्हणून एलपी आणि ४५ असतील, तर पट्ट्यावर फिरणारं साधं स्वयंचलित मशीन घ्यावं. बटण दाबलं की दांडी आपोआप उतरते आणि उचलली जाते, मुलांच्या हातून ओरखडे पडत नाहीत. फोनो प्री-अँप आतच असेल तर घरातले स्पीकर चालतात. सूटकेसवजा पेट्यांवर ७८ चा आकडा दिसला तरी रुंद सुई मिळते का, ते विचारा. एलपीची सुई ७८ च्या खाचेत तळाशी जाते आणि खरखरच जास्त ऐकवते.

पणजोबांच्या तबकडीची दुसरी प्रत बहुधा मिळणार नाही. योग्य सुई मिळेपर्यंत ती पाकिटात उभी ठेवलेली बरी.