आयमॅकच्या पोटातला तो स्लॉट

गेल्या शनिवारी भाचा आला होता. ताईचा मुलगा, नववीत. माझ्या टेबलावरच्या ऑल-इन-वनवर गेम लावून बसला आणि पाच मिनिटांत वैतागला. "मामा, एवढा मोठा स्क्रीन आणि गेम अडखळतोय! ग्राफिक्स कार्ड टाक ना यात."

"टाकलं असतं रे, पण टाकू कुठे?"

उत्तर त्याला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही. आम्ही असेंबल्ड पीसीच्या पिढीतले. लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणायचं, डबा उघडायचा, स्लॉटमध्ये दाबायचं, की झालं! ऑल-इन-वनमध्ये मॉनिटर हाच डबा. तिथे असलं काही कधी शक्य होतं का?

गंमत म्हणजे, होतं.

१५ ऑगस्ट १९९८ ला पहिला आयमॅक विक्रीला आला. १५ इंची पिक्चर ट्यूब, २३३ मेगाहर्ट्झचा जी-थ्री प्रोसेसर, किंमत १२९९ डॉलर. ग्राफिक्ससाठी एटीआयची रेज टू-सी चिप आणि तिच्या दिमतीला फक्त २ एमबी मेमरी. ऑक्टोबरमध्ये रेज प्रो आणि ६ एमबी आली, पण गेमवाल्यांचं दैवत तेव्हा वेगळंच होतं: थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू-टू. हे कार्ड फक्त थ्रीडीचं काम करायचं, रोजचं टूडी काम मूळ चिपकडेच राहायचं. म्हणजे जुनं काही काढायला नको, फक्त एक रिकामा स्लॉट हवा.

आणि तो होता! मदरबोर्डवर एक कनेक्टर होता, मेझनीन स्लॉट. ॲपलने त्याचा कुठे गाजावाजा केला नव्हता. लोकांनी मात्र तो हुडकला. मायक्रो कन्व्हर्जन्स नावाच्या कंपनीने त्यात बसेल असं व्हूडू-टू कार्ड काढलं, नाव 'गेम विझार्ड'.

आता तुम्ही कोड लिहिणारी माणसं, पुढे काय झालं असेल ते ओळखलंच असेल. डॉक्युमेंट न केलेल्या एपीआयवर प्रॉडक्ट बांधलं की जे होतं तेच! जानेवारी १९९९ मध्ये पाच रंगांतले आयमॅक आले आणि त्यांतून तो स्लॉट गायब. मायक्रो कन्व्हर्जन्सही पुढे फार टिकली नाही. २००० च्या डिसेंबरात खुद्द थ्रीडीएफएक्सने आपला गाशा एनव्हिडियाच्या हवाली केला.

पण लोक ऐकतात थोडेच? २००९ ते २०११ च्या २७ इंची आयमॅकमध्ये ग्राफिक्स एमएक्सएम कार्डावर असायचं, म्हणजे लॅपटॉपसाठी बनवलेल्या, काढता-घालता येणाऱ्या कार्डावर. पुढची काच नुसत्या चुंबकांवर बसलेली. सक्शन कपने ती ओढून काढायची आणि वर्कस्टेशन लॅपटॉपचं कार्ड आत बसवायचं. अडचण एवढीच, की त्या कार्डाला ॲपलची फर्मवेअर ठाऊक नसल्याने मशीन सुरू होताना स्क्रीन काळाच राहायचा. मग हौशी मंडळींनी त्यासाठीही फर्मवेअर लिहून काढली.

२०१२ मध्ये आयमॅक सडपातळ झाला, स्क्रीन चिकटवलेला आणि चिप बोर्डावर सोल्डर केलेली. मार्च २०१८ मध्ये मात्र ॲपलने मॅकओएस १०.१३.४ मध्ये थंडरबोल्ट-थ्री केबलने बाहेरून कार्ड जोडायला अधिकृत परवानगी दिली. इतक्या वर्षांनी कुठे कागदोपत्री दार उघडलं! ते फार दिवस काही राहिलं नाही. २०२० मध्ये एम-वन आला आणि त्यात बाहेरच्या कार्डाची सोयच नव्हती. आता प्रोसेसर, ग्राफिक्स एकाच चिपवर आणि मेमरी दोघांना सामाईक.

इंजिनिअर म्हणून मला यातलं शहाणपण कळतं. डेटा इकडून तिकडे कॉपी करायला नको, वीज कमी, आवाज नाही. बहुतेक लोक आयुष्यात एकदाही डबा उघडत नाहीत. पण ज्याला उघडायचा असतो, त्याच्याकडून काहीतरी जातंच. मी हार्डवेअर शिकलो ते पुस्तकातून नाही, कार्ड नीट बसलं नाही म्हणून काळ्या राहिलेल्या स्क्रीनकडे बघत शिकलो.

रात्री ताईचा फोन आला. दिवाळीला त्याच्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. "तुझ्यासारखाच घेऊ का? टेबलावर छान दिसतो."

म्हटलं, "नको ताई. बोजड, वायरींचा गुंता असलेला डबाच घे. आणि सोबत एक स्क्रू ड्रायव्हर."