सरहद्दीच्या दोन बाजूंची मुलं

मागच्या वेळी आपण टोरांटोपर्यंत आलो होतो. १९२१-२२ साल, बँटिंग आणि बेस्ट, आणि मरणाच्या दारातून परत आलेली मुलं. व्याख्यान संपल्यावर एक ताई थांबल्या होत्या. त्यांच्या मुलाला सातव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. त्यांनी विचारलं, "सर, लहानपणी मी त्याला दही फार दिलं नाही. पोटातले चांगले जिवाणू कमी पडले म्हणून झालं का हो हे?" मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिलं, पण घरी जाताना ते मलाच पुरेसं वाटेना. म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवतो आणि त्या प्रश्नाचा इतिहास सांगतो.

एक गोष्ट आधी. टाइप वन म्हणजे गोड खाऊन होणारा आजार नव्हे. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. तिथे दाह होतो, पेशी मरतात. का उलटते, हा खरा प्रश्न.

त्याचा एक धागा फिनलंडमध्ये सापडतो. जगात मुलांमधल्या टाइप वनचं प्रमाण सर्वांत जास्त तिथे आहे. १९५३च्या सुमारास पंधरा वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण १२ नवे रुग्ण सापडत. २००५ साली हा आकडा ६४ झाला. आता बघा, पन्नास वर्षांत माणसांची जनुकं काही पाचपट बदलत नाहीत. म्हणजे बदललं ते भोवतालचं काहीतरी.

आणि इथे इतिहासाने एक विचित्र प्रयोग करून ठेवला होता. १९३९-४०चं हिवाळी युद्ध, मग १९४४चा पराभव, आणि फिनिश करेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला. चार लाखांवर माणसं घरदार सोडून पश्चिमेला आली. फाळणी पाहिलेल्या देशाला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याच्या पलीकडचा करेलिया तर आधीपासूनच सोव्हिएत होता. सरहद्द बंद झाली. हवा तीच, जंगलं तीच, पण एका बाजूला श्रीमंत, चकचकीत स्वच्छ फिनलंड आणि दुसऱ्या बाजूला साधी, गरीब राहणी.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर संशोधकांना पलीकडे जाता आलं. १९९०च्या दशकातले आकडे जुळवले तर फिनलंडमध्ये लाखामागे ४१.४ आणि रशियन करेलियात ७.४. जवळजवळ सहापट फरक! आणि धोका वाढवणारी जनुकं मात्र दोन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात.

मग २००८मध्ये डायबिम्यून नावाचा प्रकल्प सुरू झाला. फिनलंड, एस्टोनिया आणि रशियन करेलिया. जिवाणूंच्या अभ्यासासाठी प्रत्येक ठिकाणची ७४ बाळं, म्हणजे एकूण २२२. ती तीन वर्षांची होईपर्यंत त्यांच्या शीचे नमुने घेतले. (हसू नका, विज्ञान असंच चालतं. आया हे नमुने घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवत!) २०१६ साली निष्कर्ष छापून आले. फिनिश आणि एस्टोनियन बाळांच्या आतड्यात बॅक्टेरॉइडीस गटातले जिवाणू फार होते. रशियन बाळांत तुलनेने ई. कोलाय जास्त. या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. ई. कोलायचा हा पदार्थ प्रतिकारयंत्रणेला चांगलाच डिवचतो. बॅक्टेरॉइडीसचा नुसता डिवचत नाही असं नाही, तो दुसऱ्याचं डिवचणंही दाबतो. म्हणजे एका बाजूच्या बाळांच्या यंत्रणेची लहानपणीच तालीम होते, दुसऱ्या बाजूच्या यंत्रणेची राहून जाते. मधुमेह होणाऱ्या जातीच्या उंदरांना ई. कोलायचा पदार्थ टोचला, तर त्यांचा आजार लांबला. दुसऱ्याने काही झालं नाही.

हे ऐकलं की मन लगेच पुढे धावतं: चला, चांगले जिवाणू बाटलीत भरून पाजू. इथे जरा दमानं घ्या. फिनलंडमध्येच १९९० साली लॅक्टोबॅसिलसचे प्रोबायोटिक दुग्धपदार्थ बाजारात आले आणि खूप खपले. मधुमेहाचा आकडा मात्र त्यानंतरही पंधरा वर्षं चढतच राहिला. याने प्रोबायोटिक निरुपयोगी ठरत नाही, पण बाटलीवर भिस्त ठेवणाऱ्याने हा आकडा विसरू नये.

टेडी नावाच्या मोठ्या अभ्यासात सात हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. जन्मानंतर पहिल्या २७ दिवसांत प्रोबायोटिक मिळालेल्या मुलांत पेशींविरुद्धची प्रतिपिंडं कमी दिसली, पण ती फक्त सर्वाधिक धोक्याची जनुकं असलेल्या मुलांत. शिवाय हे निरीक्षण होतं, प्रयोग नव्हे. कोणत्या घरात बाळाला पहिल्याच महिन्यात प्रोबायोटिक देतात, त्या घरात आणखी काय काय वेगळं असतं, कोण सांगणार?

निरीक्षण कसं फसवतं याचं उदाहरण याच आजारात आहे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांवर संशय होता, आणि त्याला पुरावेही बरे होते. मग १५ देशांत दोन हजारांहून अधिक बाळांवर रीतसर चाचणी झाली. काहींना नेहमीचं पावडरचं दूध, काहींना प्रथिनं तोडलेलं. दहा-अकरा वर्षं वाट पाहिली. २०१८ साली उत्तर आलं: फरक नाही.

माझं मत विचाराल तर करेलियाचा पुरावा मला मोलाचा वाटतो, पण तो एका अख्ख्या राहणीबद्दल आहे. माती, विहिरीचं पाणी, जंतुसंसर्ग, जेवण, सगळंच त्यात आलं. त्यातून एक जिवाणू उचलून 'हाच तो' म्हणता येत नाही, आणि एका आईने दिलेल्या किंवा न दिलेल्या वाटीभर दह्यावर तर बोट ठेवताच येत नाही.

तर ताई, तुम्ही आज आला असाल तर: नाही, दह्यामुळे नाही झालं. मुलाला आवडत असेल तर दही जरूर द्या, त्याच्या डाएटच्या हिशोबात बसवून. इन्सुलिन मात्र कुणी काहीही सांगितलं तरी एक दिवसही चुकवू नका. आता प्रश्न घेऊ या. मागे हात वर आहे, बोला.