सनदेतील अट आणि जमिनीचा भावी धनी



स्मृतिव्याख्यान ही एक सशर्त देणगीच असते. कोणी एक सद्गृहस्थ शाळेच्या स्वाधीन काही रक्कम करतो आणि तिच्या व्याजातून दरवर्षी अमुक एक कार्य व्हावे असे लिहून ठेवतो. रक्कम शाळेची होते, देणारा कालांतराने जातो, अट मात्र मागे उरते. ज्यांच्या हितासाठी ती घातलेली असते, ते श्रोते आणि विद्यार्थी अट घालतेवेळी बहुधा जन्मलेलेही नसतात. आज मी ज्या विषयाची मांडणी करणार आहे त्याचे बीज या साध्या व्यवहारात आहे. जमीन अटीवर दिली म्हणजे नेमके काय दिले? पुढे येणाऱ्यांचा तिच्यावर आज काही हक्क असतो काय? आणि अट मोडली तर जाब विचारणारा कोण? ग्वाल्हेरच्या इतिहासात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे विखुरलेली आहेत.

१. सनदेची भाषा

‘जमिनीचा मालक’ हा शब्द आज आपण एकेरी अर्थाने वापरतो. मालक म्हणजे ज्याच्या नावावर जमीन तो. तो ती विकील, गहाण टाकील, नाही तर पडीक ठेवील. मराठेशाहीत मात्र एकाच शेतावर अनेकांचे हक्क थराथराने बसलेले असत. कसणाऱ्या मिरासदाराचा एक, पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाचा दुसरा, देशमुखाचा तिसरा आणि सारा घेणाऱ्या सरकारचा चौथा. सरकार गाव इनाम देई तेव्हा बहुतेक वेळा आपला थर तेवढाच देई. म्हणूनच इनामाच्या सनदांत ‘हक्कदार व इनामदार खेरीज करून’ हे शब्द येतात. आधीच्या हक्कदारांना धक्का न लावता उरलेले तुला दिले, असा त्यांचा अर्थ.

त्याच सनदांत भविष्याविषयीही शब्द असत. ‘पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने’ असे लिहिले की देणगी त्या पुरुषापाशी थांबत नसे. नातू-पणतूंचाही त्यात विचार झालेला असे. सरंजामाची रीत निराळी होती. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला महसूल. तो चाकरीसाठी असे आणि धन्याची मर्जी असेतो चाले. सरदार मरण पावला म्हणजे मुलाच्या नावे सरंजाम नव्याने करार करून घ्यावा लागे. मुलगा गादीवर बसे, पण हक्काने नव्हे, पुन्हा झालेल्या कृपेने. कायद्याच्या परिभाषेत बोलायचे तर वंशपरंपरेच्या इनामात पुढल्या पिढीचा हक्क जडलेला असे, सरंजामात तो एका घटनेवर अवलंबून असे.

अट मोडणाऱ्याला, विशेषतः दान परत घेऊ पाहणाऱ्या पुढील राजाला आवरणार कोण, ही चिंता याहूनही जुनी आहे. जो दिलेली भूमी हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी होईल, असे प्राचीन ताम्रपट बजावतात. शिलाहारांच्या काळापासून कोकणात आढळणाऱ्या गद्धेगाळांवर तर त्याहून उघड शिवी कोरलेली आहे. हे ग्राम्य शाप म्हणून आपण हसून सोडून देतो, परंतु त्यांतली व्यथा खरी आहे. दाता गेल्यावर त्याच्या अटीच्या बाजूने उभा राहणारा कोणी नसेल, तर शापाखेरीज त्याच्या हाती दुसरे साधन कोणते होते?

२. दौलतीवरही अट

ग्वाल्हेरची दौलतच सरंजामातून उभी राहिली. राणोजी शिंद्यांना माळव्यात मिळालेला मुलूख पेशव्यांच्या चाकरीपोटी होता. महादजी आणि दौलतराव यांच्या काळात तो प्रत्यक्षात राज्य झाला. तरीही वारसाचा प्रश्न येई तेव्हा जुनी अट डोके वर काढी. १८२७ साली दौलतराव निपुत्रिक वारले आणि बायजाबाईंनी जनकोजीरावांना दत्तक घेतले. १८४३ साली जनकोजीरावही निपुत्रिक गेले आणि ताराबाईंनी जयाजीरावांना दत्तक घेतले. दोन्ही वेळा दत्तक मान्य झाले.

येथून जवळच असलेल्या झाशीचे मात्र तसे झाले नाही. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दामोदररावांना दत्तक घेतले. १८५४ मध्ये डलहौसीने ते नामंजूर करून संस्थान खालसा केले. दत्तकपुत्राला खाजगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही, हा त्याचा निवाडा होता. राज्य सार्वभौम सत्तेने अटीवर दिलेले असून औरस वंश खुंटला की ते देणाऱ्याकडे परत येते, हा त्यामागचा तर्क. सरंजामाचाच नियम त्याने राज्याला लावला होता. त्याविरुद्धचा राणी लक्ष्मीबाईंचा लढा जून १८५८ मध्ये याच ग्वाल्हेरच्या भूमीवर संपला, हे आपणांस सांगायला नको.

बंडानंतर १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, त्यांत शिंद्यांचीही होती. तीतही अट होतीच: घराणे राजनिष्ठ राहील आणि तहनामे पाळील तोवर हे वचन अबाधित. शितोळे, आंग्रे, फाळके यांसारख्या सरदारांचे दरबाराशी जे नाते, तेच दरबाराचे कलकत्त्याशी होते. अटींची ही साखळी वरपासून खालपर्यंत अखंड होती.

३. खाजगी माणसाचा हात किती लांब?

राजाने भविष्य बांधावे, हे समजण्यासारखे आहे. सामान्य गृहस्थालाही ते बांधता येते काय? हा प्रश्न कलकत्त्याच्या टागोर घराण्याच्या खटल्यात १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. प्रसन्नकुमार टागोरांनी ख्रिस्ती झालेल्या पुत्राला डावलून, आपली संपत्ती कोणाच्या हयातीपर्यंत कोणाकडे राहील आणि पुढे कोणत्या पुरुषवंशाकडे जाईल, याची लांबलचक मालिका मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. न्यायाधीशांनी त्या मालिकेचा मोठा भाग रद्द ठरविला. हिंदू कायद्याला ठाऊक नसलेला नवा वारसाक्रम खाजगी माणसाला निर्माण करता येत नाही, आणि दाता मरतेवेळी जो अस्तित्वातच नाही त्याला दान देता येत नाही, असा तो निर्णय होता.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८८२ साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आला. ‘घर माझ्या पत्नीकडे तहहयात राहील, तिच्या पश्चात पुत्राकडे जाईल’ असे लिहिले तर पुत्राचा हक्क आजच जडतो, फक्त उपभोग लांबतो. ‘पुतण्याने अध्ययन पुरे केल्यास शेत त्याचे’ असे लिहिले तर अध्ययन पुरे होईपर्यंत त्याचा हक्क अधांतरी राहतो. भविष्यातले असे हक्क किती लांबवावेत याला या कायद्याने मर्यादा घातली: हयात व्यक्तींची आयुष्ये आणि त्यानंतर एका वारसाचे अज्ञानपण, त्यापुढे नाही. मृताचा हात जिवंतांच्या जमिनीवर कायमचा राहू नये, हे तत्त्व त्यामागे आहे.

पण या नियमाला दोन मोठे अपवाद केले गेले. सरकारने दिलेल्या जमिनींच्या अटी त्यांच्या शब्दांप्रमाणेच चालतील, असे १८९५ च्या कायद्याने ठरविले होते. आणि धर्म, ज्ञान, आरोग्य अशा लोकहिताच्या कार्यासाठी दिलेल्या मालमत्तेला मूळ कायद्यातच कालमर्यादेतून सूट आहे. सामान्य माणसाला आपल्या नातवंडांसाठी भविष्य फार लांबवर बांधता येत नाही, परंतु देवळासाठी आणि शाळेसाठी ते बांधता येते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

४. बेडी झालेल्या अटी

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अट म्हणजे पवित्र वचन, असे समजून गहिवरण्याचे कारण नाही. महार वतनाची जमीन गावकीच्या चाकरीच्या अटीवर होती. थोड्याशा जमिनीच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या राबणूक बांधलेली होती. ही बेडी तोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. अशी कनिष्ठ वतने प्रत्यक्षात रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

हिंदू विधवेचेही तेच. पतीच्या जमिनीवर तिची मालकी मर्यादित होती. आवश्यकतेवाचून तिला ती विकता येत नसे आणि तिच्या पश्चात जमीन पतीच्या वारसांकडे जाई. ते वारस तिच्या हयातीत केवळ आशेवर असत, पण त्या आशेचा पहारा तिच्यावर आयुष्यभर असे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, अपवाद वगळता, ही मर्यादित मालकी पूर्ण केली. तेव्हा अट दिसली की पहिला प्रश्न हा विचारावा: ही कोणाच्या हितासाठी आहे, आणि कोणाच्या मानेवर?

५. ग्वाल्हेरची माफी

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मध्य भारत राज्य झाले. १९५१ मध्ये जमीनदारी आणि जहागिरी नष्ट करणारे कायदे झाले आणि १९५२ अखेर जहागिरी सरकारजमा झाल्या. चाकरी संपली होतीच, आता तिच्या अटीवरचा हक्कही संपला. ज्याने अट पाळायची तो जहागीरदार, आणि ज्याने पाळून घ्यायची तो दरबार, दोघेही एकदमच पडद्याआड गेले. कसणारा ‘भूमिस्वामी’ हा शब्द पुढे मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या जमीन महसूल संहितेत रूढ झाला.

एक अट मात्र शिल्लक राहिली. शिंद्यांच्या राज्यात देवळांना माफीच्या जमिनी दिलेल्या होत्या. सारा माफ, उत्पन्नातून पूजाअर्चा, दिवाबत्ती, नैवेद्य चालवावा. या जमिनींवर देखरेख ‘औकाफ’ खात्याची असे. देवळांच्या खात्याला अरबी नाव, हिशेब फारसी वळणाचा आणि दरबार मराठी, असा आपल्या ग्वाल्हेरचा हा त्रिवेणी संगम आहे. संवत् १९९१ मध्ये दरबाराने माफीदारांविषयीची ‘कवायद’ जारी करून त्यांचे अधिकार आणि कर्तव्ये आखून दिली.

पुढे खसऱ्यात पुजाऱ्यांची नावे चढत गेली. शहर वाढले, जमिनीला भाव आला, आणि देवाची जमीन पुजाऱ्याच्या सहीने विकली जाऊ लागली. शासनाने १९९४ आणि २००८ साली परिपत्रके काढून पुजाऱ्यांची नावे नोंदींतून वगळण्यास सांगितले. पुजाऱ्यांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. पुजारी हा ना कूळ, ना पट्टेदार; तो देवाच्या वतीने जमिनीची व्यवस्था पाहणारा असून कर्तव्यात चुकला तर माफी परत घेता येते, असा अर्थ त्या कवायदीतून उच्च न्यायालयाने पूर्वीच काढला होता. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच उचलून धरला. मालक देव, ताबाही कायद्याच्या दृष्टीने देवाचाच. पुजारी भूमिस्वामी नव्हे. त्याच निकालात दुसरीही गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. जी देवस्थाने शासनाच्या मालकीची नाहीत, त्यांच्या जमिनीवर व्यवस्थापक म्हणून जिल्हाधिकाऱ्याचे नाव लावता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. देवाची जमीन पुजाऱ्याची नाही, तशी ती सरकारचीही नाही.

पुजारी घराण्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ज्यांच्या चार पिढ्यांनी पहाटे उठून काकड आरती केली, उत्पन्न आटल्यावरही देव उपाशी ठेवला नाही, त्यांना ‘तू केवळ व्यवस्थापक’ हे शब्द बोचणारच. परंतु सनदेने त्यांना जे दिले होते ते शेत नव्हते, सेवा होती, आणि शेत त्या सेवेच्या निर्वाहासाठी होते. सेवा करणाऱ्याचा निर्वाह चालविणे हीदेखील त्या अटीचीच दुसरी बाजू आहे. ती विसरून केवळ खसऱ्यातले नाव खोडले, तर अट अर्धीच पाळली असे होईल.

६. समारोप

मग अटीचा राखणदार कोण? देव कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, पण कायमची अज्ञान. तो स्वतः दावा लावू शकत नाही. व्यवस्थापकच देवाच्या हिताविरुद्ध वागू लागला, तर साध्या भक्तालाही देवाच्या वतीने न्यायालयात उभे राहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली ठरविले. माझ्या मते आजच्या विषयाचे सार या निर्णयात आहे. शाप कोरणाऱ्या दात्याला जो राखणदार सापडला नव्हता, तो येथे सापडतो. ज्यांच्यासाठी दान दिले, त्यांच्यापैकीच कोणीही तो होऊ शकतो.

जहागिरीच्या अटी गेल्या, कारण त्या धन्यासाठी होत्या. वतनाच्या आणि वैधव्याच्या अटी गेल्या, कारण त्या दुबळ्यांच्या मानेवर होत्या. ज्या अटी अजून न जन्मलेल्यांच्या हितासाठी आहेत, त्या टिकविण्याजोग्या आहेत. मात्र कागद त्यांना टिकवू शकत नाही. देवळाची जमीन असो की विद्यालयाचे मैदान, तिचे भावी धनी आज सभागृहात हजर नाहीत. त्यांच्या वतीने सनद वाचणे, खसरा तपासणे आणि वेळ पडल्यास उभे राहणे, हे काम आजच्या भक्ताचे आणि आजच्या माजी विद्यार्थ्याचे आहे.