नेरुळचे पुणेकर

पुणे वॉरियर्स इंडिया हा आयपीएलमधला संघ आपल्या पहिल्या हंगामात पुण्यात खेळलाच नाही. पुण्याजवळच्या गहुंजेचे स्टेडियम तेव्हा बांधून व्हायचे होते. त्यामुळे २०११च्या धावफलकांवर यजमान पुणे आणि स्थळ नवी मुंबईतल्या नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम, अशी नोंद सापडते.

संघ तीन हंगामांत संपला. त्याचे खापर सहसा खेळावर फुटते, आणि गुणतक्ते पाहता ते अगदीच चूकही नाही. २०११, २०१२, २०१३, तिन्ही वर्षी विजय चारच. एकूण ४६ सामने, १२ विजय, ३३ पराभव, एक निकालाविना.

सुरुवात मात्र झोकात झाली होती. १० एप्रिल २०११ रोजी नेरुळला पंजाबला ११२ धावांत रोखले. विदर्भाच्या श्रीकांत वाघने १६ धावांत तीन बळी घेतले आणि पुण्याने सात गडी राखून सामना मारला. पुढे कोचीलाही हरवले. मग सलग सात पराभव. त्यातला ४ मेचा सामना मुंबई इंडियन्सशी, त्याच मैदानावर. लेगस्पिनर राहुल शर्माची चार षटके, सात धावा, दोन बळी. तरी पुणे २१ धावांनी हरले. मुंबईही २००८ साली इथे यजमान म्हणून खेळली होती, तेव्हा त्या संध्याकाळी घरचा संघ कोणता म्हणायचा?

पण संघ मोडला तो हिशेबाच्या वहीत. मार्च २०१०च्या लिलावात सहारा उद्योगसमूहाने त्यासाठी ३७ कोटी डॉलर मोजले. दोन वर्षांपूर्वी मुंबईचा संघ सुमारे ११.१९ कोटींना गेला होता. ही बोली ९४ सामन्यांचा हंगाम धरून लावली, असे सहाराचे म्हणणे. दहा संघ एकमेकांशी दोनदा खेळले तर ९० सामने होतात, वर बाद फेरीचे चार. प्रत्यक्षात हंगाम झाला ७४ सामन्यांचा. म्हणजे प्रत्येक संघाला घरच्या मैदानावर नऊऐवजी सातच सामने. त्या प्रमाणात शुल्क कमी करा, ही सहाराची मागणी होती. फेब्रुवारी २०१२मध्ये ते एकदा रुसून बाहेर पडले, समेट होऊन परत आले. त्याच वर्षी कर्णधार युवराज सिंग कर्करोगाच्या उपचारांमुळे खेळू शकला नाही, कर्णधारपद सौरव गांगुलीकडे गेले आणि संघाचा मुक्काम नेरुळहून गहुंजेला हलला. सामन्यांच्या संख्येचा वाद मात्र आहे तिथेच राहिला.

१९ मे २०१३ रोजी पुण्याने दिल्लीला ३८ धावांनी हरवले. तोच शेवटचा सामना. शुल्क थकले म्हणून क्रिकेट मंडळाने बँक हमी वटवली आणि २१ मेला सहाराने माघार जाहीर केली. मंडळाने २६ ऑक्टोबरला करार रद्द केला. कारण दिले ते पुढच्या हंगामाची बँक हमी न भरल्याचे. चार-चार विजयांशी त्या निर्णयाचा काही संबंध नव्हता.