पाळीव कुत्र्याची निवड, आकलन आणि प्रशिक्षण : एका विचारपरिवर्तनाचा इतिहास

प्रस्तावना

मानवाने माणसाळविलेल्या प्राण्यांमध्ये कुत्रा हा सर्वांत प्राचीन होय. मनुष्य शेतीकडे वळण्यापूर्वी, शिकारीवर जगत असतानाच कुत्रा त्याचा सोबती झाला. मात्र पाळण्यासाठी कुत्रा कसा निवडावा, त्याचे वर्तन कसे समजून घ्यावे आणि त्याला कसे शिकवावे, या प्रश्नांचा पद्धतशीर विचार प्रामुख्याने गेल्या दीडशे वर्षांत झाला. या काळात तिन्ही प्रश्नांची उत्तरे पालटली. कुत्र्याची जात, लांडग्याशी असलेले त्याचे नाते आणि मालकाची हुकमत यांवर आधारलेले निष्कर्ष क्रमाक्रमाने मागे पडले. हा बदल प्राणिशास्त्रापुरता मर्यादित नाही. अपुऱ्या पुराव्यावर उभी राहिलेली कल्पना लोकव्यवहारात किती दीर्घकाळ टिकते, याचेही ते बोलके उदाहरण आहे.

निवड : कामाकडून रूपाकडे

जून १८५९ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले संघटित प्रदर्शन भरले. त्यात पॉइंटर व सेटर या शिकारीच्या दोनच प्रकारांतील ६० कुत्री होती. १८७३ मध्ये लंडन येथे केनेल क्लबची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी या संस्थेची पहिली वंशनोंदवही प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी मेंढ्या राखणारा, शिकार करणारा, घर राखणारा अशी कुत्र्याची ओळख मुख्यतः त्याच्या कामावरून होत असे. प्रदर्शने व नोंदवह्यांमुळे बाह्यरूप, रंग, कानांची ठेवण आणि वंशावळ यांना प्राधान्य मिळाले. मर्यादित वंशातच पैदास होत राहिल्याने अनेक जातींमध्ये आनुवंशिक विकार बळावले. जात कळली की स्वभाव कळला, हा समजही याच व्यवस्थेत दृढ झाला.

या समजाची मोठ्या प्रमाणावर तपासणी होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि २,१५५ कुत्र्यांचे जनुकीय विश्लेषण यांचा आधार घेण्यात आला. कुत्र्या-कुत्र्यांमधील वर्तनभेदांपैकी जातीमुळे स्पष्ट होणारा भाग सुमारे ९ टक्केच असल्याचे त्यात आढळले. रूप जातीवरून सांगता येते. एखाद्या विशिष्ट कुत्र्याचा स्वभाव मात्र तिच्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

आकलन : पिंजऱ्यातील लांडगा

कुत्रा हा लांडग्याच्या वंशातील असल्यामुळे लांडगा समजला की कुत्रा समजेल, असे मानले गेले. स्विस संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझल येथील प्राणिसंग्रहालयात कुंपणात ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. कळपात अग्रस्थानासाठी संघर्ष चालतो आणि एक नर व एक मादी इतरांवर वर्चस्व गाजवितात, असे त्यांनी मांडले. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील 'द वुल्फ' या ग्रंथामुळे 'अल्फा' ही संज्ञा सर्वदूर पोहोचली.

पुढे कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समीर बेटावर मेक यांनी १३ उन्हाळे मुक्त लांडग्यांचे जवळून निरीक्षण केले. नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आई-वडील व त्यांची पिले यांचे कुटुंब असते आणि तेथे अग्रस्थानासाठी झगडा क्वचितच आढळतो, असे त्यांनी १९९९ मधील शोधनिबंधात दाखवून दिले. बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या प्राण्यांचे वर्तन संपूर्ण प्रजातीचा नियम मानले गेले होते. आपला जुना ग्रंथ पुन्हा छापू नये, अशी विनंती मेक यांनी प्रकाशकाला केली. तरी त्याचे मुद्रण २०२२ पर्यंत चालूच राहिले.

दरम्यान स्वतः कुत्र्यावरही मूलभूत संशोधन झाले होते. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ केलेले संशोधन १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आले. पिलाच्या आयुष्यातील साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा सामाजिक घडणीचा निर्णायक काळ असतो, असे त्यांनी सिद्ध केले. या काळात माणसाचा सहवास न लाभलेली पिले पुढे बुजरी व भित्री होतात. घरी पिलू आणणाऱ्यासाठी हा निष्कर्ष वंशावळीपेक्षा अधिक उपयोगी होता.

प्रशिक्षण : धाकाकडून प्रोत्साहनाकडे

आधुनिक श्वानप्रशिक्षणाचा पाया जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांच्या १९१० मधील पुस्तकाने घातला. शिक्षा व बक्षीस कृतीच्या क्षणीच मिळाले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी ओळखले होते. तथापि पोलीस व लष्करी सेवेच्या गरजांमुळे त्यांच्या पद्धतीत सक्तीचा वाटा मोठा होता. हीच शिस्त पुढे घरगुती कुत्र्यांच्या वाट्याला आली. वर्चस्वाच्या सिद्धांताने तिला शास्त्रीय वलय दिले. कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरावे, हा उपाय १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील न्यू स्कीट मठाच्या साधूंनी लिहिलेल्या पुस्तकामुळे लोकप्रिय झाला. २००२ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी तो मागे घेतला.

दुसरा प्रवाह मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आला. बी. एफ. स्किनर यांनी साधक अभिसंधानाचा सिद्धांत मांडला आणि डिसेंबर १९५१ मधील एका लेखात, टिकटिक आवाज करणारे खेळणे व खाऊ यांच्या साहाय्याने कुत्र्याला घरच्या घरी कसे शिकवावे, हे विशद केले. हवी ती कृती घडताच आवाज करावा व लगेच खाऊ द्यावा, म्हणजे तो आवाजच कुत्र्याला 'हे बरोबर' असे सांगू लागतो. हेच तत्त्व डॉल्फिनच्या प्रशिक्षणात वापरणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी १९८४ मधील पुस्तकाद्वारे ते सामान्य वाचकांपर्यंत नेले.

दोन्ही प्रवाहांतील भेद केवळ अभिरुचीचा नव्हता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वर्तनविषयक उपचारांसाठी आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांचे सर्वेक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मारहाण करणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्के, तर कुत्र्याला उताणे पाडणाऱ्यांपैकी ३१ टक्के मालकांनी त्यावर कुत्र्याची आक्रमक प्रतिक्रिया अनुभवल्याचे सांगितले. ज्या उपायाने आक्रमकता शमावी अशी अपेक्षा होती, तोच उपाय अनेकदा तिचे निमित्त ठरत होता.

निष्कर्ष

नोंदवहीने जातीला, प्राणिसंग्रहालयाने लांडग्याला आणि कवायतीच्या मैदानाने हुकमतीला महत्त्व दिले. समोरचा कुत्रा तिन्ही ठिकाणी दुय्यम राहिला. त्याचे प्रत्यक्ष निरीक्षण सुरू झाल्यावर जुन्या धारणा ढासळल्या, परंतु त्या व्यवहारातून पुरत्या हटलेल्या नाहीत. भारतीय परिस्थितीत या इतिहासाचा अर्थ अधिक स्पष्ट आहे. कोणत्याही वंशनोंदवहीत नाव नसलेला गावठी कुत्रा केवळ जातीअभावी अयोग्य ठरविण्यास शास्त्रीय आधार नाही. पिलाचे पहिले आठवडे, घराची गरज, पाळणाऱ्याची सवड आणि सातत्याने दिलेले प्रोत्साहन हेच निवडीचे व शिकवणुकीचे अधिक विश्वसनीय निकष आहेत. धाकाने मिळविलेली आज्ञाधारकता ही भीतीचेच दुसरे रूप असते, आणि तिची किंमत मुक्या प्राण्याबरोबर कित्येकदा घरातील माणसांनाही मोजावी लागते.