तिला नाला म्हणू नका

नागपूरच्या महाल भागात पत्ता सांगताना लोक सर्रास म्हणतात, "नाल्याच्या पुलावरून डावीकडे वळा." मला ते ऐकवत नाही. ती नाग नदी आहे.

तिचा उगम पश्चिमेला, वाडीपलीकडच्या लाव्याच्या टेकड्यांत. काळ्या खडकाच्या त्या उतारावरून आलेलं पाणी अंबाझरीत साठतं. भोसल्यांच्या वेळचं हे तळं इंग्रजी अमदानीत शहराला पाणी पुरवण्यासाठी वाढवलं. पुढे नदी धंतोली, मोक्षधाम, अशोक चौक असं करत महालाच्या दक्षिणेने पूर्वेला जाते. पारडीच्या पुढे तिला गोरेवाड्याकडून आलेली पिवळी नदी मिळते. मग कन्हान, आणि कन्हानीतून वैनगंगा.

वळणावळणाने जाते म्हणून नाग, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत. शहराची स्थापना म्हटली की आपण देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा आणि 1702 साल सांगतो. त्याने बारा खेडी जोडून शहर वसवलं, हे खरंच. पण वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला सापडलेला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट 940 सालचा आहे, आणि त्यात नागपूर-नंदिवर्धन असा प्रदेशाचा उल्लेख आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. म्हणजे या भागातलं नागाचं नाव बख्त बुलंदाच्याही साडेसातशे वर्षं आधीचं.

जुन्या शुक्रवारीत नदीकाठी भोसल्यांचा राजघाट, म्हणजे राजघराण्याची स्मशानभूमी आहे. तिथल्या काशीबाई मंदिराचं कोरीव काम एकदा थांबून बघावं. राजघराण्याचे अंत्यसंस्कार नाल्याच्या काठी होत नसतात! त्या लोकांसाठी ही नदीच होती.

आपण तिच्या पात्रात भिंती बांधल्या, सांडपाणी सोडलं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडली, घराघरांत पाणी शिरलं, पंचशील चौकातला पूल खचला. नदीने आपली जागा परत मागितली, असंच मी मानतो. शुद्धीकरणाच्या 1,925 कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर 2022 मध्ये झाली आहे. ते काम व्हायलाच हवं, कारण आपली घाण कन्हानीतून थेट गोसीखुर्दच्या जलाशयात जाते आणि भंडाऱ्याकडच्या माणसांना सोसावी लागते.

तोवर महालकरांनी एवढं तरी करावं: पत्ता सांगताना "नदीच्या पुलावरून" म्हणावं, आणि पोरांनाही तेच शिकवावं.